सिंथेटिक टाका हवं तर, पण तारीख वाढवू नका



आज तुडतुडा नाही, करपा नाही, युरियाची लाईन नाही. आज गाडीच्या इंजिन ऑइलवर लिहितो. शेतीच्या पानावर हे कशाला, असं कोणी म्हणेल. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत मोटरसायकल हे शेतीचंच औजार आहे. खताची बॅग तिच्यावर येते. धानाचे पऱ्हे तिच्यावर जातात. फवारणी पंप, दुधाची कॅन, मोहफुलाचं पोतं, सगळं तिच्यावरच. अन् रात्री-बेरात्री घरातल्या सुनेला कळा सुरू झाल्या तर ग्रामीण रुग्णालयापर्यंत नेते ती पण हीच. सिरोंचा ते गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मधात जंगलात गाडी सीज झाली तर तिथं ना गॅरेज, ना मोबाईलची रेंज. म्हणून ऑइल हा आपल्यासाठी हौसेचा विषय नाही.

सध्या धान खरेदी केंद्रावर, सोसायटीत, गॅरेजच्या बाकड्यावर एकच गोष्ट ऐकू येऊन राहिली. "सिंथेटिक टाक भाऊ, मग सहा हजार किलोमीटर पाहायचं काम नाही." कोणी आठ हजार सांगतो, कोणी दहा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सिंथेटिक ऑइल वाईट नाही, चांगलंच आहे. पण ते टाकलं म्हणून बदलायची मुदत वाढवणं, हे आपल्या रस्त्यांवर अन् आपल्या कामात इंजिन खाणारं आहे. मुदत वाढवायची नसेल, तर आपल्यापैकी बहुतेकांना साधं ऑइल पुरतं. ज्यांना सिंथेटिकची खरी गरज आहे, त्यांचं पण खाली सांगतो.

सिंथेटिक म्हणजे काय

ऑइलच्या डब्यात दोन गोष्टी असतात. एक मूळ तेल, त्याला बेस ऑइल म्हणतात. दुसरं त्यात मिसळलेली औषधं: मळ धरून ठेवणारं, गंज रोखणारं, झीज रोखणारं, फेस न येऊ देणारं.

साधं, म्हणजे मिनरल ऑइल, कच्च्या तेलातून काढतात. त्यात लहान-मोठे सगळ्या तऱ्हेचे कण असतात, जसा गिरणीतून निघालेला कणी-चुरीसकट तांदूळ. सिंथेटिक म्हणजे सॉर्टेक्स मारलेला तांदूळ समजा. कण सारखे, म्हणून ते जास्त उष्णता सोसतं, कमी उडतं, अन् थंडीत घट्ट होत नाही. हे गुण खरे आहेत, जाहिरातीतले नाहीत.

पण डब्यावरचा "सिंथेटिक" हा शब्द सगळीकडे एकाच मालाचा नसतो. बेस ऑइलचे पाच गट आहेत. पहिला अन् दुसरा मिनरल. चौथा कारखान्यात रसायनातून बांधलेला. पाचव्यात बाकी सगळं, एस्टर वगैरे. तिसरा गट मधातला: येतो कच्च्या तेलातूनच, पण हायड्रोजन, दाब अन् उष्णता देऊन त्याला पार बदलून टाकतात. हा तिसरा गट सिंथेटिक म्हणायचा का नाही, यावर अमेरिकेत मोबिल अन् कॅस्ट्रॉल या दोन कंपन्यांचं भांडण झालं. १९९९ मध्ये तिथल्या जाहिरात तपासणाऱ्या संस्थेनं सांगितलं, म्हणता येईल. तेव्हापासून बहुतेक ठिकाणी तिसऱ्या गटाचं तेल सिंथेटिक म्हणूनच विकलं जातं. तिसरा गट खराब आहे असं नाही, चांगलाच आहे. पण शब्द एक अन् माल दोन-तीन तऱ्हेचा, एवढं ध्यानात ठेवा. "सेमी सिंथेटिक" तर अजून मोकळं. त्यात सिंथेटिक किती टक्के, ते डब्यावर लिहिलेलं नसतं.

आपल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी पटेल-३ च्या बांधीत वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्या निवडल्या, वाढवल्या, अन् त्यातून एचएमटी धान आलं. नाव पडलं घड्याळाच्या कंपनीवरून. पण लोकांनी ते नावासाठी नाही पेरलं, लोंबी अन् तांदूळ पाहून पेरलं. ऑइलचं पण तसंच करा. नावावर नका जाऊ, डब्याच्या मागचे बारीक अक्षर वाचा.

बारीक अक्षरात काय पाहायचं

पहिलं, घट्टपणाचा नंबर. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० असा. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. डब्ल्यूच्या अगोदरचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. १०डब्ल्यूची परीक्षा शून्याखाली २५ अंशाला होते, २०डब्ल्यूची शून्याखाली १५ ला. आपल्या इकडं पुसाच्या पहाटे दात वाजतात हे खरं, पण पारा सात-आठ अंशाच्या खाली क्वचितच जातो. म्हणून "थंडीत लवकर चालू होते" हा सिंथेटिकचा मोठेपणा लडाखवाल्याच्या जास्त कामाचा. आपल्याला फरक पडतो तो किक मारल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांचा.

शेवटचा आकडा म्हणजे १०० अंशाला गरम झाल्यावरचा घट्टपणा. इथं एक गैरसमज काढून टाका. "सिंथेटिक पातळ असते" असं लोक म्हणतात. १०डब्ल्यू-३० साधं अन् १०डब्ल्यू-३० सिंथेटिक, दोन्ही गरम इंजिनात एकाच घट्टपणाच्या वर्गात बसतात. पातळ-घट्ट हे नंबरावर आहे, सिंथेटिकवर नाही.

दुसरं, जासो. हे जपानी मानक. कारमध्ये इंजिनचं ऑइल वेगळं, गिअरचं वेगळं, अन् क्लच कोरडा. आपल्या मोटरसायकलमध्ये एकच ऑइल तीन कामं करतं: इंजिन, गिअर अन् त्यातच बुडालेल्या क्लच प्लेटा. म्हणून ऑइल फार गुळगुळीत असून चालत नाही, क्लच सटकतो. रेस वाढते, गाडी ओढत नाही. डब्यावर "जासो एमए" किंवा "एमए२" असलं की ते अशा क्लचसाठी. "एमबी" जास्त गुळगुळीत, मुख्यतः स्कूटरसाठी. काही मोटरसायकलींना कंपनीच एमबी सांगते, तेव्हा आपल्या गाडीच्या पुस्तकात काय आहे तेच खरं. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर विचारा, शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज नको.

महाग कार-सिंथेटिकचा उरलेला अर्धा डबा कोणी फुकट दिला तरी मोटरसायकलमध्ये टाकू नका. ट्रॅक्टरच्या बादलीतलं १५डब्ल्यू-४० पण रोजच्यासाठी नाही. रस्त्यात ऑइल गळून गेलं अन् दुसरं काहीच नसेल, तर गॅरेजपर्यंत पोचायला ठीक. ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक-ब्रेकचं ऑइल तर कधीच नाही. अन् टू-टी म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं, ग्रासकटर अन् टू-स्ट्रोक फवारणी पंपासाठी. फोर-टी म्हणजे मोटरसायकलच्या इंजिनात भरायचं. घरात दोन्हीचे डबे शेजारी ठेवू नका, लेकरं अन् मजूर दोघंही फसतात.

मुदत का वाढवायची नाही

आता मुद्द्यावर येतो. ऑइल म्हातारं होतं ते फक्त उष्णतेनं नाही. आपल्या इकडं त्याला मारणारी कारणं वेगळी आहेत, अन् त्यातल्या बहुतेकांवर सिंथेटिकचा इलाज नाही.

पहिलं कारण, मीटर खोटं बोलतं. चार गिअरच्या १०० सीसी गाडीत एक किलोमीटर जायला इंजिन पहिल्या गिअरमध्ये चौथ्यापेक्षा तिपटीच्या आसपास फेरे मारते, दुसऱ्यात पावणेदोनपटीच्या आसपास. नागपूर रोडवर टॉपमध्ये सरळ जाणाऱ्याचे तीन हजार किलोमीटर अन् पांदण रस्त्यानं पहिल्या-दुसऱ्यात जाणाऱ्याचे तीन हजार, हे सारखे कसे होतील? त्यात जुन्या गाड्यांचं मीटर समोरच्या चाकावर चालतं. रोवणीच्या दिवसांत गाऱ्यात मागचं चाक जागेवर गरगर फिरतं, इंजिन लाल होतं, अन् समोरचं चाक हलत नाही. मीटरमध्ये त्या मेहनतीची नोंदच नाही. वरून वजन. युरियाची बॅग आता ४५ किलोची. दोन बॅगा अन् चालवणारा, झाले दीडशे. १०० सीसीच्या गाडीला पुस्तकात चालवणाऱ्यासकट सांगितलेला भार १३० किलोच्या आसपास असतो. हळू वेग, जास्त वजन, वारा लागत नाही, अन् इंजिन तर वाऱ्यानंच थंड होणारं.

दुसरं कारण, धूळ. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक जातात त्या एटापल्ली-आलापल्ली-आष्टी बाजूच्या रस्त्यावर चालवून पाहा, किंवा घुग्घुस, राजुरा, बल्लारपूरच्या कोळशाच्या पट्ट्यात. डोळ्यात जाते तीच धूळ एअर फिल्टरवर बसते, अन् फिल्टर फाटका किंवा सैल असला की सिलिंडरमध्ये जाते. मातीतली वाळू लोखंडाला घासते. ऑइल साधं असो की हजार रुपयाचं, वाळू त्यात विरघळत नाही. ती बाहेर काढायचा उपाय एकच, ऑइल काढून टाकणं.

तिसरं कारण, जवळची चक्कर. घर ते शेत दोन किलोमीटर. गाडी गरम व्हायच्या आत बंद. दिवसातून पाच वेळा हेच. इंजिन पूर्ण गरम झालं नाही की आतल्या हवेचा दमटपणा पाणी होऊन ऑइलमध्ये उतरतो, न जळलेलं पेट्रोल पण रिंगांच्या बाजूनं खाली जातं. दूरच्या प्रवासात हे उडून जातं, जवळच्या चकरांत साचत राहतं. पावसाळ्यात ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट-पिवळी साय दिसते, ती हीच. ज्याची गाडी कमी किलोमीटर चालते, त्याला वाटते आपलं ऑइल नवंच आहे. उलट आहे. म्हणून किलोमीटरसोबत महिने पण मोजा.

चौथं कारण, फिल्टर. कारला कागदी ऑइल फिल्टर असते, दर वेळी नवं. आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसणाऱ्या १०० सीसी स्प्लेंडरच्या घराण्यातल्या गाडीत तसलं कागदी फिल्टर नाही. खाली एक जाळी असते, ती मोठा कचराच धरते. अन् उजव्या बाजूच्या कव्हरच्या आत एक फिरती वाटी असते, सेंट्रीफ्युगल फिल्टर. रवीनं घुसळल्यासारखं ऑइल तिच्यात गरगरतं अन् जड मळ कडेला चिकटतो. बारीक मळ ऑइलमध्येच फिरत राहतो. म्हणजे या गाडीत ऑइल बदलणं हीच खरी गाळणी. ती सहा-आठ हजारावर नेली तर गाळणी नाहीच समजा.

पाचवं कारण मला सगळ्यात मोठं वाटते. इंजिनमध्ये ऑइल बसतं किती? एक लिटरच्या आतबाहेर. कारमध्ये तीन-चार लिटर. जुन्या गाडीनं तीन हजारात पाव लिटर जाळलं तर कारला काही होत नाही, आपल्या गाडीचा चौथा हिस्सा संपला. सहा हजारापर्यंत कोणी झाकण उघडून पाहिलंच नाही, तर अर्ध्या ऑइलवर गाडी धावून राहिली. सीज झालेल्या गाड्यांत "खराब ऑइल" पेक्षा "ऑइलच नव्हतं" ही गोष्ट जास्त असते, कोणत्याही मिस्त्रीला विचारा. "सिंथेटिक आहे, पाहायचं काम नाही" हे वाक्य म्हणूनच धोक्याचं. ऑइल टिकेल हो, पण टिकायला ते आत पाहिजे न.

हिशेब

वर्षाला नऊ हजार किलोमीटर धरा. इथल्या दुकानात साधं ऑइल साडेतीनशे-चारशे, पूर्ण सिंथेटिक आठशे ते हजार. साध्याला चारशे अन् सिंथेटिकला नऊशे धरतो.

साधं, दर तीन हजाराला: तीन वेळा, १२०० रुपये.
सिंथेटिक, दर सहा हजाराला: वर्षाला सरासरी दीड वेळा, १३५० रुपये.
सिंथेटिक, दर तीन हजाराला: तीन वेळा, २७०० रुपये.

पाहा, मुदत दुप्पट करून पण पैसा वाचला नाही. वाचली ती फक्त गॅरेजची दीड चक्कर. अन् ती चक्कर काही वाया नसते. ऑइल बदलतेवेळी मिस्त्री गाडीखाली वाकतो. चेन पाहतो, एअर फिल्टर काढतो, खालच्या बोल्टला लोखंडाचा चुरा लागला काय ते दिसतं. तेवढ्याच पैशात आपण पाहणी कमी करून घेतली.

उलट बाजू. बोअर-पिस्टनचं काम निघालं की सामान-मजुरी धरून चार-पाच हजार जातात. २०२५-२६ चा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये आहे. म्हणजे दोन क्विंटल धान गेले, अन् ऐन हंगामात गाडी चार दिवस उभी ती वेगळी.

कोणी म्हणेल, "पुस्तकात तर साधंच ऑइल सहा हजाराला बदला असं आहे, मग तुम्ही तीन कुठून काढले?" बरोबर आहे, काही गाड्यांच्या पुस्तकात तसं आहे. पण त्याच ओळीत मधात तीन हजाराला पातळी पाहून भरा असं पण असते, ते कोणी वाचत नाही. अन् तो आकडा साध्या रस्त्यावरच्या साध्या वापराचा. खताचा डोस पण शिफारशीत एक असतो अन् बांधी पाहून आपण कमी-जास्त करतोच. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र कंपनीच्या सर्व्हिसप्रमाणेच चला, पावत्या जपून ठेवा, अन् मधात एखादी जास्तीची बदली स्वतःच्या खर्चानं करायची तर तेच सांगितलेलं ऑइल वापरा.

मग सिंथेटिक कोणी टाकावं

ज्याचं रोजचं लांबचं काम आहे त्यानं. मूल, चंद्रपूर, गडचिरोली, आरमोरी असं रोज ऐंशी-शंभर किलोमीटर भाजी, मासळी, कापड घेऊन फिरणारे. उन्हाळ्यात ब्रह्मपुरी-चंद्रपुरात पारा ४६-४७ वर असतो, तेव्हा भर दुपारी डांबरी रस्त्यावर तासन्‌तास गाडी चालते. तिथं सिंथेटिकचा उष्णता सोसायचा गुण खरा कामी येतो. दीडशे सीसीच्या वरच्या, जास्त फेऱ्यांच्या गाड्यांना पण. ज्या गाडीच्या पुस्तकातच सिंथेटिक किंवा सेमी लिहिलं आहे, तिथं तर प्रश्नच नाही. या लोकांनी चार पैसे जास्त घालावे, पण दर तीन हजाराला झाकण उघडून पातळी पाहावी, अन् मुदत पुस्तकातल्यापेक्षा पुढं नेऊ नये.

दहा-बारा वर्षं जुनी, धूर मारणारी, ऑइल पिणारी गाडी असेल तर सिंथेटिक टाकून ती सुधरणार नाही. रिंग झिजली ती झिजली. तिथं साधं ऑइल, बरोबर नंबरचं, अन् दर पंधरा दिवसाला पातळी. "सिंथेटिक टाकलं अन् सीलमधून गळायला लागलं" असं ऐकता ना? बहुतेक वेळा सील आधीच गेलेलं असते. मळानं भोक बुजलेलं असते, मळ धुतला की गळती दिसते.

"एकदा सिंथेटिक टाकलं की परत साधं चालत नाही" हे पण खरं नाही. दोन्ही एकमेकांत मिसळतात. एका मोसमात हे, दुसऱ्यात ते, चालते. फक्त अर्धं-अर्धं करायची सवय लावू नका. पैसा सिंथेटिकचा जातो अन् गुण अर्धाच मिळतो.

माझं वेळापत्रक

मी किलोमीटरपेक्षा हंगामावर चालतो, म्हणजे विसर पडत नाही.

१. मृगाच्या आधी एकदा. गारा, वजन अन् दमटपणा येऊन राहिला असतो, त्याला नवं ऑइल.
२. पाऊस गेल्यावर, दसरा-दिवाळीच्या मधात, धानकापणीच्या आधी. पावसाळ्यातलं पाणी-पेट्रोल बाहेर निघते.
३. होळीच्या आसपास, मोहफूल अन् तेंदूपत्त्याच्या धावपळीआधी. पुढं ऊन अन् धूळ.

दोन बदलींच्या मधात तीन हजारावर गेलं तर एक जास्तीची.

यात एक अपवाद: पाणी. नाल्यातून काढतेवेळी गाडी पाण्यात बसली, अन् नंतर ऑइल दुधी चहासारखं दिसलं, तर ते काल टाकलेलं असलं तरी आजच काढा. पुरात बुडालेल्या गाडीला आधी किक मारू नका. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीकडची नदीकाठची गावं पाण्यात गेली. असा पूर परत येणार नाही असं कोण सांगेल? सिलिंडरमध्ये पाणी असतेवेळी इंजिन फिरवलं तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढा, पाणी काढा, ऑइल काढा, एअर फिल्टर पाहा, मग मिस्त्रीच्या समोर चालू करा.

गॅरेजवर उभे राहून पाहायच्या गोष्टी

डबा आपल्यासमोर फोडला पाहिजे. सील, झाकणाची कडी, तारीख, बॅच नंबर पाहा. सुटं ऑइल घेऊ नका. रिकामा डबा घरी आणा किंवा तिथंच भोक पाडा. चांगला रिकामा डबा विकत घेणारे फिरतात, अन् त्यात काय भरलं जाते ते सांगायला नको.

इंजिन गरम असतेवेळी ऑइल काढायचं, म्हणजे मळ सोबत निघतो. दहा मिनिटं निथळू द्या. "हवा मारून काढतो" म्हणणाऱ्याला नको म्हणा.

खालच्या बोल्टचं वॉशर पाहा, चपटं झालं असेल तर नवं. बोल्ट मर्यादेत कसायचा. खालचे आटे ॲल्युमिनियमचे असतात, जोर लावला की गेले.

मोजून भरा. नऊशे मिलि बसत असेल अन् डबा लिटरचा असेल, तर मिस्त्री पूर्ण ओततो. जास्त ऑइल पण नुकसानच करते. फेस येतो, अन् हवेच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये जाते.

पातळी पाहतेवेळी गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर. दोन-तीन मिनिटं चालवून बंद, परत दोन-तीन मिनिटं थांबून मग काडी पुसून घाला. बऱ्याच गाड्यांत काडी नुसती ठेवायची असते, आटे फिरवून कसायची नसते. आपल्या गाडीचं पुस्तकात पाहा.

एअर फिल्टर दर बदलीला उघडा. स्पंजचा असेल तर धुऊन, वाळवून, ऑइलचा हात देऊन पिळून बसवा. चिकट कागदाचा असेल तर त्याला हवा मारायची नसते, खराब झाला की बदलायचा. माझं तर म्हणणं आहे, सिंथेटिकवरचे जास्तीचे पाचशे रुपये असतील तर आधी नवा एअर फिल्टर घ्या. आपल्या धुळीत तो जास्त इंजिन वाचवते.

अन् स्प्लेंडरसारखी गाडी असेल तर विचारा, "ती वाटी शेवटची कधी साफ केली?" कव्हर उघडायचं काम आहे, म्हणून कित्येक गाड्यांत वर्षानुवर्षं ती उघडतच नाही. पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला उघडून घ्या, कव्हरचं पॅकिंग नवं टाका.

ऑइल काळं झालं म्हणजे खराबच झालं, असं नाही. मळ धरून ठेवायचं औषध काम करून राहिलं याची ती खूण आहे. उलट चार महिने झाले तरी पिवळं दिसत असेल तर शंका घ्या. रंगावर नका जाऊ, तारखेवर जा. टाकीवर किंवा डिकीच्या आतून कागद चिकटवून तारीख अन् किलोमीटर लिहा.

काढलेलं ऑइल

आता शेवटचा मुद्दा, जो आपण बोलत नाही. तीन वेळा बदललं म्हणजे वर्षाला एका गाडीचं पावणेतीन लिटरच्या आसपास जळकं ऑइल. गावात शंभर गाड्या असतील तर हिशेब करा. मुदत वाढवू नका म्हणतो, तर हे पण मलाच सांगितलं पाहिजे.

आपल्याकडं ते बंडीच्या आखाला लावतात, खांबाला उदई लागू नये म्हणून लावतात. उरलेलं नालीत. कोणी गोचिडासाठी ढोराच्या अंगाला पण लावतो. ढोराला अजिबात लावू नका, ते चाटतं. जळक्या ऑइलमध्ये धातूचा चुरा अन् कॅन्सर करणारी द्रव्यं असतात. हाताला लागलं तर साबणानं धुवा.

अन् मामा तलाव, बोडी, नाला यांच्या जवळ तर थेंब पण नको. ऑइल पाण्यावर पातळ पसरून हवा रोखते, मासोळी मरते. अमेरिकेचं पर्यावरण खातं सांगते की एका बदलीचं जळकं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकते. आपल्या तलावावर धान पण आहे अन् ढिवर बांधवांचं पोट पण आहे. कायद्यात हे घातक कचऱ्यात येते, २०१६ चे नियम आहेत. अन् १ एप्रिल २०२४ पासून वापरलेलं ऑइल गोळा करून परत शुद्ध करून घ्यायची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्यांवर टाकली आहे. ही साखळी आपल्या गावापर्यंत यायची आहे. तोवर एका जुन्या कॅनमध्ये जमा करा अन् तालुक्याच्या ज्या गॅरेजवरून भंगारवाला ड्रम उचलतो, तिथं द्या.

कृषीवाल्यांना एक विनंती

सिंदेवाहीचं अन् गडचिरोलीचं कृषी विज्ञान केंद्र, कृषी सहाय्यक, शेतीशाळा घेणारे, तुम्ही वाचत असाल तर हे तुमच्यासाठी. शेतीशाळेत बियाणं, खत, कीड सगळं होते. त्यात अर्धा तास इंजिनला द्या. मोटरसायकल, फवारणी पंप, पॉवर वीडर, पाण्याचं इंजिन, सगळ्यांचं दुखणं एकच आहे: ऑइलची पातळी अन् एअर फिल्टर. एक मिस्त्री बोलवा, एक जुनं इंजिन उघडून दाखवा. झिजलेली रिंग अन् मळानं भरलेली वाटी डोळ्यानं पाहिली की भाषण द्यायची गरज नाही.

सुधारित बियाणं आणलं म्हणून निंदण सुटत नाही, तसंच महाग ऑइल टाकलं म्हणून पाहणी सुटत नाही. ज्याला परवडते त्यानं सिंथेटिक टाकावं, ज्याला नाही त्यानं साधं टाकावं, दोघांनीही पुस्तकातला नंबर पाळावा अन् तारीख पाळावी. होळीची बदली राहिली असेल तर या बाजाराच्या दिवशी करून घ्या, अन् आज संध्याकाळी गाडी मेन स्टँडवर लावून एकदा काडी काढून पाहा.

जय जवान, जय किसान.